शूटिंगसाठी आणलेली पेटी

पेटी टेम्पोतून उतरवली तेव्हा मी अंगणवाडीच्या दारात उभी होते. चौघांनी ती चावडीच्या कट्ट्यावर ठेवली आणि त्यातला एक जण तिच्या शेजारीच बसून वडापाव खायला लागला. नवी कोरी पेटी होती. पॉलिशचा वास माझ्यापर्यंत येत होता. वर घालायचा झेंडा घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता.

"बायकांना सांगा, आज भडक साड्या नकोत," रोशनी मॅडम मला हिंदीत म्हणाल्या. "गल्लीच्या दोन्ही बाजूंनी बसायचं. आणि पेटी जवळ आली की मग रडायचं, आधी नाही."

मी बरं म्हणाले. बायकांना सांगायचं काम माझ्याकडे होतं.

हिंदी सिनेमाची माणसं आमच्या दहिगण्यात येऊन आठवडा होत आला होता. दहिगणे म्हणजे साताऱ्याकडचं फौजी गाव. घरटी एक माणूस पलटणीत, काही घरांत तर तीन-तीन पिढ्या. वेशीत एक काळा दगड आहे, त्यावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरली आहेत. सगळ्यात खालचं नाव माझ्या यजमानांचं. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण गोष्ट सांगायची तर घ्यायला हवं. उत्तम रंगराव भोईटे.

सिनेमाची गोष्ट एका जवानाची होती. तो सीमेवर कामी येतो, गाव त्याला मानानं निरोप देतं आणि आई धाकट्यालाही भरतीला पाठवते. गावाकडचा भाग त्यांना खऱ्या फौजी गावात करायचा होता. मला हिंदी येत होती, कारण लग्नानंतर दीडेक वर्ष आम्ही जबलपूरला फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलो होतो. त्यामुळे रोशनी मॅडम, म्हणजे दिग्दर्शकांच्या हाताखालच्या बाई, सगळं मलाच विचारायच्या.

दिग्दर्शक साहेब पहिल्याच दिवशी आमच्या घरी चहाला आले होते. भिंतीवरचा उत्तमचा फोटो त्यांनी हात जोडून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं आणि जरा गोंधळले. माझ्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. सरपंच बरोबर होते, त्यांनी मोठ्या अभिमानानं खुलासा केला. हौसाबाईंनी सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही, देशासाठी गेलेल्याची बायको विधवा नसते असं त्यांनी त्या वेळी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, पेपरातही आलं होतं. जाताना ते माझ्या सासूबाईंच्या पाया पडले. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी त्यांना आशीर्वाद दिला आणि कप विसळायला घेतले.

आत्याबाई तसं काही कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते गावानं त्यांच्या तोंडी घातलेलं होतं.

खरं ते घरातल्या आणि भावकीतल्या माणसांनाच ठाऊक होतं. उत्तमची पेटी आली ती बंद. पेटीसोबत आलेल्या फौजेच्या साहेबांनी सांगितलं, उघडायची नाही. पेटीसकटच अग्नी दिला. आत्याबाईंना कुणी जवळ जाऊ दिलं नाही, दोघी-तिघींनी त्यांना धरून ठेवलं होतं. सावडायच्या दिवशी माणसं परत आली, ओसरी भरलेली होती, आणि आत्याबाईंनी एकदम विचारलं, "त्याला बघितलं कुणी?" माझे सासरे, ज्यांना सगळं गाव रंगराव हवालदार म्हणायचं, ते पेटी घ्यायला पुण्याला गेले होते. त्यांच्याकडं वळून आत्याबाईंनी पुन्हा विचारलं. मामंजी म्हणाले, न्हाई बघितला.

त्यानंतर आत्याबाईंनी ठरवूनच टाकलं की तो जिवंत आहे. कऱ्हाडकडचा कुणी एक जवान मेला म्हणून कळवलं होतं आणि पुढं कितीतरी वर्षांनी शत्रूच्या तुरुंगातून सुटून आला, असं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. पितृपक्षात भावकीतल्या बायका उत्तमसाठी पान मांडायला सांगायच्या, तर त्या म्हणायच्या, "जित्या माणसाला पान ठेवत न्हाईत." त्याचे सदरे त्या अधूनमधून उन्हात घालायच्या. माझं कुंकू राहिलं ते त्यामुळं. नवरा असलेल्या बाईनं ते पुसायचं कशाला?

मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. पहिली एक-दोन वर्षं दार वाजलं की मीही उठून बघायची. नंतर उठेनाशी झाले. पण तसं बोलून दाखवलं नाही. माझा भाऊ कोरेगावचा. तो दोनदा येऊन माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढून गेला. दुसऱ्या वेळी आत्याबाईंनी त्याला जेवायला वाढलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की पुन्हा असलं काही घेऊन या घरात येऊ नकोस. मामंजी समोरच बसले होते. ते ताटात बघत राहिले.

तर शूटिंगचा दिवस. मामंजींनी आत्याबाईंना घरीच थांबायला सांगितलं होतं. स्वतः त्यांना मात्र जावं लागणार होतं, कारण गावातल्या निवृत्त फौजींनी टोपी आणि पदकं घालून गल्लीच्या तोंडाशी रांगेत उभं राहायचं होतं. आत्याबाई बरं म्हणाल्या. पण आम्ही बायका बसून झाल्यावर बघते तर त्या पलीकडच्या बाजूला, पारूबाईंच्या गोठ्याशेजारी, भिंतीला टेकून बसलेल्या. मी त्यांना उठवायला निघाले, तेवढ्यात भोंग्यावरून सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं.

सिनेमातली आई म्हणजे मुंबईची एक मोठी नटी होती. तिचं काम नंतर होतं, ती गाडीतच बसून होती. आधी नुसती पेटी गल्लीतून वर येताना घ्यायची होती. पेटी उचलायला सहा जण होते, दोन नट आणि चार आमच्या गावचेच जुने जवान. पहिल्यांदा पेटी आली तशा बायका रडल्या. खोटं रडायचं असं सांगितलेलं, पण निम्म्याजणी खऱ्याच रडत होत्या. त्याच गल्लीतून उत्तमची पेटी वर आली होती, तेव्हाही याच बायका बसल्या होत्या. साहेबांना मात्र ते पसंत पडलं नाही. रिकामी पेटी हलकी दिसते, उचलणाऱ्यांच्या खांद्यावर वजन वाटत नाही, असं काहीतरी म्हणाले. मग पेटी गल्लीच्या खालच्या वळणावर नेली. तिथं काय केलं ते आम्हाला दिसलं नाही.

दुसऱ्यांदा पेटी वर आली ती सावकाश आली. पेटी गोठ्यापाशी पोचली आणि आत्याबाई उठल्या. घाईनं नाही, घरात एखाद्या कामाला उठावं तशा. पदर सारखा केला, रस्त्यात आल्या आणि पेटीवर हात ठेवला.

"उघडा," त्या म्हणाल्या.

उचलणारे थबकले. त्यात पुढं संपतनाना होते, आमच्या भावकीतलेच. कॅमेरा चालूच होता. साहेबांनी हात वर करून बाकीच्यांना गप्प राहायची खूण केलेली मला दिसली.

"उघडा ती. मला बघायचंय."

मी धावत गेले. त्यांचा दंड धरला. म्हणाले, "आत्याबाई, हे शूटिंग आहे. सिनेमाची पेटी आहे ही."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "संपत, ठेव खाली."

संपतनानांनी पेटी खाली टेकवली, तशी बाकीच्यांनीही टेकवली. झेंडा आधी नीट घडी करून घेतला, तेवढं त्या जुन्या जवानांनी न सांगता केलं. सिनेमावाल्यांचा एक माणूस स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आला आणि त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. झाकण निघालं.

आत वाळूची पोती होती. ती सरकू नयेत म्हणून मधल्या जागेत एक जुनी गोधडी कोंबलेली. आत्याबाई वाकल्या. एका पोत्यावर त्यांनी हात दाबून पाहिला, दुसऱ्यावरही पाहिला. मग सरळ झाल्या आणि माझ्याकडं वळल्या. त्या हसत होत्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "वाळू. त्याची बी अशीच जड हुती. मी म्हणत हुते न्हवं तुला?"

रडणाऱ्या बायका थांबल्या होत्या. पारूबाईंनी शेजारणीकडं पाहिलं, शेजारणीनं त्यांच्याकडं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, खरंच की, बघितलं कुठं कुणी? आणि मला कळलं की आता हे एकट्या आत्याबाईंचं राहणार नाही. संध्याकाळपर्यंत गाव तेच बोलायला लागणार होतं.

गल्लीच्या तोंडाशी फौजींची रांग होती. तिच्यातून मामंजी बाहेर आले. चालत आमच्यापर्यंत आले, टोपी काढली आणि पेटीत न बघता आत्याबाईंच्या समोर उभे राहिले.

"त्याच्या पेटीत वाळू नव्हती," ते म्हणाले. "त्यात तो हुता. मी बघितलाय."

आत्याबाईंचं हसू लगेच गेलं नाही. ते जायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही न्हाई म्हणाला हुता."

"म्हणालो हुतो." मग म्हणाले, "घरी चल."

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. बाहेर भोंगा वाजत होता, लोकांना जेवायला सुट्टी दिल्याचं सांगत होते. आत्याबाई चुलीजवळ पाटावर बसल्या. मामंजी एरवी बाजेवर बसायचे, त्या दिवशी ते त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मी दाराशी उभी राहिले. मला बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही.

"कुठं बघितला?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुण्यात. हॉस्पिटलात. साहेब नको म्हणत हुता. मी म्हणालो, मी बी पलटणीतलाच हाय आणि मी बाप हाय. मग सोडलं त्यानं."

"तोंड हुतं?"

"हुतं. तोंडाला काय झालं नव्हतं."

"डोळं?"

"मिटल्यालं."

त्या बाजाराहून काय काय आणलं ते विचारावं तशा विचारत होत्या. "दाढी वाढली आसंल."

"न्हाई. केल्याली हुती. कुणीतरी नीट केली हुती, कल्लं बी सारखं केलं हुतं." मामंजींनी स्वतःच्या गालावरून हात फिरवून दाखवला. "मी कपाळाला हात लावला. लई गार हुतं."

"आणि खाली?"

"चादर हुती."

"चादरीखाली?"

"मी चादर काढली न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू चार माणसांत इचारलंस. बघितला म्हणालो असतो तर तू पुढचं इचारलं असतंस, आत्ता इचारलंस तसं. चादरीखाली काय ते मला ठावं नव्हतं. फौजेत एवढी वर्सं काढली आणि माझ्यानं चादर उचलवली न्हाई." ते टोपी हातात फिरवत होते. "मग तू म्हणायला लागलीस, तो हाय. आणि दोन घास खायला लागलीस. तवर कशाला तोंड लावत नव्हतीस. म्हटलं, जेवती तर जेवू दे."

आत्याबाईंनी मान हलवली. रागावल्या का, ते मला कळलं नाही. चुलीतलं एक लाकूड त्यांनी उगाच पुढं सारलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"वैजे, पाणी ठेव. अंगावरनं घेते."

मी हंडा चढवला. मोरीचं दार लोटून त्या बराच वेळ आत होत्या, तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तू बी घे." माझ्यानंतर मामंजींनी घेतलं. माणूस गेल्याचं कळलं की घरातली माणसं अंघोळ करतात. आमच्याकडं ते त्या दुपारी कळलं.

रडल्या त्या नंतर. तीन-चार दिवसांनी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा. मी सूप बाजूला घेतलं आणि बसून राहिले.

शूटिंगच्या त्याच संध्याकाळी साहेब आणि रोशनी मॅडम घरी आले होते. त्यांचं उरलेलं काम झालं होतं. नटीनं तिची वाक्यं म्हटली होती, पेटी वर गेली होती. साहेबांनी हात जोडले आणि मला सांगायला सांगितलं की कॅमेरा चालू ठेवला ही आमची चूक झाली असेल, पण जे मिळालं ते फेकून द्यायला मन होत नाही. आई पेटीवर हात ठेवतात एवढंच दाखवू, पेटी उघडल्याचं कुठंही दिसणार नाही. तसा चेहरा आमच्या नटीकडं नाही. आईंची परवानगी असेल तरच, नाहीतर इथंच पुसून टाकतो.

मी हे सगळं आत्याबाईंना सांगितलं. मामंजी म्हणाले, तिचं ती ठरवंल.

"घ्या म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या. "तोंडच तर हाय."

माणसं निघून गेली, गाव पहिल्यासारखं झालं. त्या वर्षी पितृपक्षात आत्याबाईंनी स्वतः पान मांडलं. घारग्या केल्या होत्या. कुंकवाचं एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तुझं तू बघ. मी लाव बी म्हणणार न्हाई आणि पूस बी म्हणणार न्हाई." मी लावत राहिले. मग एका सकाळी घाईत लावायचं राहून गेलं आणि ते दुपारी माझ्या लक्षात आलं. आत्याबाई आधीच बघून गप्प बसल्या होत्या.

भावाला बोलावणं त्यांनीच धाडलं. लोणंदचं स्थळ आलं, विलासराव, शाळेत क्लार्क होते, पहिली बायको आजारात गेलेली. वैशाखात लग्न झालं. आत्याबाईंनी माझी ओटी भरली आणि मामंजी एस.टी.पर्यंत सोडायला आले. बसमध्ये पिशवी ठेवून ते खाली उतरले आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते.

सिनेमा साताऱ्याला लागला तो पुढच्या हिवाळ्यात. रोशनी मॅडमनी आठवणीनं पास पाठवले होते. विलासरावांनी मला स्टँडवर आणून सोडलं, म्हणाले, तुम्ही तिघं बघा, मी येत नाही. आत्याबाई आणि मामंजी दहिगण्याहून आले. भेटल्या भेटल्या आत्याबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघितला आणि वजन वाढलंय म्हणाल्या.

थिएटर भरलेलं होतं. सिनेमा चांगला काढला होता. बर्फाचे डोंगर, तोफा, देखणा नायक. आत्याबाईंना हिंदी येत नव्हती, पण त्या पुढं वाकून बघत होत्या. मामंजी पाठ टेकून ताठ बसले होते. नायक पडला, पडताना पुष्कळ बोलला, थिएटरात बायका डोळे पुसायला लागल्या. मग आमचं गाव आलं. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं, पारूची म्हैस बघ म्हणाल्या. गल्ली आली, दोन्ही बाजूंना बसलेल्या आम्ही सगळ्या आलो, आणि पेटी आली.

आणि मग एवढ्या मोठ्या पडद्यावर एकट्या आत्याबाई. त्यांना नायकाची आजी केलं होतं. त्यांनी पदर सारखा केला, पेटीवर हात ठेवला. त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणत होते ते मला ठाऊक होतं. पण आवाज दुसऱ्या कुणाचा तरी निघाला, भारदस्त, शुद्ध हिंदीतला. "रास्ता दो. मेरा बच्चा जीतकर घर आया है."

थिएटरात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. आमच्या मागची बाई हुंदके देत होती. संगीत वाढलं, पडद्यावर आता ती मुंबईची नटी आली होती.

आत्याबाई माझ्याकडं झुकल्या.

"काय म्हणाले गं मी?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "रस्ता द्या म्हणालात. माझं लेकरू जिंकून घरी आलंय."

त्यांनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. त्या तिथं नव्हत्या, पेटी गल्लीच्या टोकाला पोचली होती. टाळ्या थांबल्या. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

"त्या म्हातारीला अजून कुणी सांगितलं न्हाई वाटतं," त्या म्हणाल्या.